खर्च तलावाच्या खात्यावर

ऑक्टोबर सरत आला की गोंदिया जिल्ह्याच्या रस्त्यांवर पंजाब-हरयाणा पासिंगचे हार्वेस्टर दिसू लागतात. हलका धान दिवाळीच्या आगेमागे कापणीला येतो, भारी धान त्यानंतर, आणि मधल्या महिना-दीड महिन्यात ही यंत्रे एका गावातून दुसऱ्या गावात बांध्या मोकळ्या करत जातात. एका एकराचे काम तास-दीड तासात आटोपते. याच कामाला पूर्वी विळ्याने कापणी, कडपा वाळवणे, भारे बांधणे, पुंजणे रचणे, मग चुरणे आणि वाऱ्यावर उडवणे, असे कितीतरी दिवस जायचे. आणि त्या दिवसांत अवकाळी पाऊस आला की कडपा बांधीतच भिजून दाण्याला कोंब फुटायचे. त्यामुळे हार्वेस्टरला मोजलेले पैसे शेतकऱ्याला महाग वाटत नाहीत, आणि वाटू नयेतच. मात्र त्या यंत्राच्या चाकाखाली एक पीक जाते, आणि भाड्याच्या हिशेबात त्याचे नाव कुठेच येत नाही.

ते पीक म्हणजे लाखोळी. धान पिवळा पडू लागला, बांधीतले पाणी उतरले पण चिखल अजून ओला आहे, अशा वेळी उभ्या धानातच लाखोळीचे बी फेकायचे. नांगरणी नाही, ओलीत नाही, खत नाही. धान कापेपर्यंत रोप दोन-चार बोटे वर आलेले असते आणि विळा घेतलेली बाई त्यावरून चालत गेली तरी त्याचे काही बिघडत नाही. धान निघाला की उरलेल्या ओलीवर आणि हिवाळ्यातल्या दवावर ते वाढते. फेब्रुवारी-मार्चमध्ये घरात डाळ येते, गोठ्यात कुटार येते, आणि मुळांवरच्या गाठींनी हवेतून ओढलेला नत्र जमिनीत मागे राहतो. पुढच्या खरिपातल्या धानाला तो फुकट मिळतो. आता हार्वेस्टर आणायचा म्हटले तर बांधी आधी वाळवावी लागते, नाहीतर कित्येक टनांचे ते धूड चिखलात फसेल. म्हणजे पाणी लवकर फोडायचे. ओलच गेली तर बी रुजणार कशावर? आणि रुजलेच तर चाके त्याला दाबतात, यंत्रामागे पडलेला तणसाचा, म्हणजे धानाच्या काडाचा, थर त्याला वर येऊ देत नाही. लाखोळीच्या विक्रीवर १९६१ मध्ये बंदी आली होती, कारण दुष्काळात महिनोन्‌महिने तीच खाऊन जगणाऱ्यांचे पाय लुळे पडत. नागपूरच्या डॉ. शांतिलाल कोठारींनी या बंदीविरुद्ध दीर्घ लढा दिला आणि महाराष्ट्राने ती उठवली. दरम्यान ‘रतन’, ‘प्रतीक’, ‘महातिवडा’ असे विषारी घटक कमी असलेले वाणही निघाले. बंदीच्या सगळ्या काळात पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीतला शेतकरी लाखोळी पेरतच होता. कायद्याला जे जमले नाही ते कापणीच्या नव्या पद्धतीने करून दाखवले, आणि तेही कोणाचा तसा काही हेतू नसताना.

लाखोळीची गोष्ट छोटी आहे, पण गोंदियाच्या शेतीत गेल्या साठेक वर्षांत जे घडले त्याचा आराखडा तिच्यात आहे. प्रत्येक नवे तंत्र शेतकऱ्याची खरी अडचण सोडवायला आले आणि ती त्याने सोडवलीही. खर्चाचा एक हिस्सा मात्र शेतकऱ्याच्या वहीत न चढता दुसऱ्याच खात्यावर गेला: जमिनीच्या, तलावाच्या, पाखरांच्या, हवेच्या. ही खाती कोणाच्या नावावर नसल्यामुळे तगादा लावायला कोणी येत नाही. शहरातून बोलणारे पर्यावरणवादी पुष्कळदा इथेच चुकतात. त्यांना वाटते शेतकरी बेफिकीर आहे, किंवा यंत्रच वाईट आहे. शेतकरी बेफिकीर नाही. त्याच्यापुढे भावाचा, अनुदानाचा आणि वीजबिलाचा जो हिशेब मांडून ठेवला आहे, तो बरोबर सोडवतो आहे. हिशेबाची मांडणीच अशी आहे की धान सोडून दुसरे काही केले, पाणी राखले किंवा खत कमी टाकले, तर त्याचे त्याला काहीच मिळत नाही. नुकसान या मांडणीतून झाले आहे, यंत्रातून ते अटळपणे निघत नव्हते, आणि म्हणूनच ते थोपवता येण्यासारखेही आहे.

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा धानाचाच. खरिपात पावणेदोन लाख हेक्टरच्या आसपास धान, गोंदिया शहरात राइस मिलांच्या रांगा, आणि पाऊस सरासरी बाराशे-तेराशे मिलिमीटर. मराठवाड्याच्या माणसाला प्रश्न पडेल की एवढ्या पावसात सिंचन हवे कशाला? पण धानाची खरी परीक्षा सप्टेंबरच्या शेवटी असते. लोंबी निसवत असते आणि नेमका तेव्हाच पाऊस पाठ फिरवतो. त्या दोन-तीन पाण्यांसाठी इथल्या लोकांनी तलाव बांधले. गोंड राजांच्या काळात, जो तलाव बांधेल त्याला त्याखालची जमीन, अशा बोलीवर कोहळी समाजाने या भागात शेकडो तलाव उभे केले. नवेगाव बांधचा विस्तीर्ण जलाशय कोलू पाटील कोहळी यांच्या नावाने ओळखला जातो. पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत आणि त्यांतले चौदाशेच्या आसपास एकट्या गोंदियात. इंग्रजी अमलात ते मालगुजारांच्या ताब्यात होते, म्हणून सरकारी कागदावर त्यांचे नाव पडले माजी मालगुजारी तलाव. लोकांनी त्याचे ‘मामा तलाव’ करून टाकले.

तलाव म्हणजे नुसता पाण्याचा साठा नव्हता. वर जंगल, त्याखाली तलाव, पाळीखाली धानाच्या बांध्या, आणि एका तलावाच्या सलंगावरून सांडलेले पाणी खालच्या गावाच्या तलावात. उन्हाळ्यात तलाव उघडा पडला की शेतकरी बैलगाड्यांनी गाळ काढून बांधीत टाकायचा. तलाव खोल राहायचा आणि बांधीला खत मिळायचे. काठच्या उथळ पाण्यात देवधान, कमळ, शिंगाडा. धीवर समाजाची मासेमारी त्यावर, आणि दूरदेशीच्या बदकांचा हिवाळाही त्यावरच. मालगुजार काही साधुसंत नव्हते. वेठबिगारी, गहाणखते, पाण्यावरची दादागिरी हे सगळे त्या व्यवस्थेत होते, आणि १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली हे चांगलेच झाले. पण जमीनदारी मोडताना पाण्याची देखभाल कोण करणार, याचे उत्तर त्या कायद्याकडे नव्हते. गावाला निस्ताराचे, म्हणजे सामायिक वापराचे, हक्क मिळाले, तलाव सरकारजमा झाले, मोठे पाटबंधारे खात्याकडे आणि लहान जिल्हा परिषदेकडे गेले. दुरुस्ती हे गावाचे काम होते ते निविदेचे झाले. पुढे गाढवी नदीवर इटियाडोह झाला, बाघ प्रकल्पातून पुजारीटोला, सिरपूर, कालीसरार झाले, वैनगंगेवर धापेवाडा उपसा सिंचन आले. आणि शेवटी बोअरवेल आणि मोटार. ज्याच्या बांधीत मोटार आहे त्याला गावाच्या तलावात गाळ किती साचला याची चिंता करण्याचे कारण उरले नाही. पाळीला भगदाड पडले तरी त्याचा धान पिकतो.

आता बियाण्याकडे वळू, कारण पहिला आणि सर्वात वजनदार आक्षेप तिथूनच येतो. साठच्या दशकात देश अमेरिकेच्या गव्हावर दिवस काढत होता. १९६६ मध्ये फिलिपिन्समधून आयआर-८ आला, दोन वर्षांनी भारतात ‘जया’ आला, आणि बुटका, न लोळणारा, खत पचवणारा धान गावोगाव पसरला. लुचई, दुबराज, काळी कमोद, चिन्नोर या उंच, सुवासिक पण कमी पिकणाऱ्या वाणांवरच राहिलो असतो तर आज जे धान्य रेशनवर फुकट वाटतो ते आणले असते कुठून? हा आक्षेप खोडून काढता येत नाही, आणि खोडायचा प्रयत्नही करू नये. पण त्याचा अर्थ नीट लावला पाहिजे. उत्पादन वाढले ते मुख्यतः बियाण्याने, पाण्याच्या हमीने आणि काही मर्यादेपर्यंत खताने. त्याच गाठोड्यात बांधून आलेल्या बाकीच्या सगळ्या गोष्टी तेवढ्याच गरजेच्या होत्या असे त्यातून सिद्ध होत नाही. शिवाय नवे तंत्र म्हणजे कारखान्याची चिमणी असलेच पाहिजे असेही नाही. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे तिसरीपर्यंत शिकलेले, दीड एकराचे शेतकरी. त्यांनी १९८३ मध्ये पटेल-३ या वाणाच्या बांधीत वेगळ्या दिसलेल्या लोंब्या निवडल्या, वर्षानुवर्षे पेरून पाहिल्या, आणि त्या काळच्या मनगटी घड्याळाचे नाव त्याला दिले: एचएमटी. बारीक तांदूळ, चांगला उतारा. २०१८ मध्ये दादाजी गेले तेव्हा त्यांचा वाण विदर्भाबाहेरही लाखो लोकांच्या ताटात होता. यात पर्यावरणाचा एक पैशाचा खर्च नाही.

खताचे गणित वेगळे आहे. युरियाची ४५ किलोची गोणी शेतकऱ्याला २६६ रुपये ५० पैशांत मिळते. खरी किंमत त्याच्या कितीतरी पट, फरक सरकार भरते. २०१० मध्ये स्फुरद आणि पालाशाच्या खतांचे भाव बऱ्याच अंशी मोकळे केले, युरियाचा मात्र बांधूनच ठेवला. तेव्हापासून शेतकऱ्याच्या हाताला युरियाच लागतो, आणि पिकाचा रंग दोन दिवसांत हिरवागार करून दाखवणारे दुसरे खत नाही. पण पाणी भरलेल्या बांधीत फेकलेल्या युरियातला तिसरा हिस्सा, फार तर चाळीस टक्के, पिकाच्या कामी येतो. उरलेला अमोनिया होऊन उडतो, पाण्याबरोबर खाली झिरपतो, तलावात उतरून शेवाळ आणि बेशरम हे तण पोसतो; थोडासा नायट्रस ऑक्साइड होतो, आणि तो वायू कार्बन डायऑक्साइडच्या पावणेतीनशे पट उष्णता धरून ठेवतो. शेणखत घाला, असे सांगणे सोपे आहे. शेण आणायचे कुठून? चिखलणी केज व्हील लावलेला ट्रॅक्टर करतो, मळणी यंत्र करते, ओढायला काही उरले नाही म्हणून बैलजोड्या विकल्या गेल्या. जनावरे कमी झाली म्हणून तणसाला खाणारे तोंड नाही. तणसाला गिऱ्हाईक नाही आणि हार्वेस्टरने ते बांधीभर पसरून ठेवलेले, म्हणून काडी लावायची. पंजाबच्या धुराच्या बातम्या टीव्हीवर बघणाऱ्या गावातही आता नोव्हेंबरात बांध्या जळताना दिसतात. यंत्राबरोबर तिथली सवयही आली. एक कडी निसटली की पुढची कशी निसटते ते इथे दिसते, आणि यातला एकही निर्णय ज्याने घेतला त्याच्या दृष्टीने चुकीचा नव्हता.

कीटकनाशकांच्या बाबतीत मात्र मला एवढे समजूतदार होता येत नाही. धानावर खोडकिडा येतो, गादमाशी येते, करपा येतो, पण गोंदियाच्या शेतकऱ्याची झोप उडवतो तो तुडतुडा. बुंध्याशी बसून रस शोषतो आणि आठ दिवसांत बांधीला गोल गोल जळके डाग पडतात. साहजिकच दुकानदार सांगेल ते औषध फवारले जाते, पुष्कळदा दोन-तीन औषधे एकत्र करून. आता गंमत अशी की तुडतुडा मुळात हरितक्रांतीनंतरच एवढा मोठा शत्रू झाला. जास्त युरियाने मऊ झालेला, दाट लावलेला धान त्याला मानवतो, आणि सरसकट फवारणीने त्याला खाणारे कोळी आणि मित्रकिडे आधी मरतात. अंडी पानाच्या आवरणात सुरक्षित असतात. त्यांतून पुढची पिढी निघते तेव्हा तिला खाणारे कोणी उरलेले नसते. हे इंडोनेशियाने स्वतःच्या खर्चाने शिकून घेतले. तिथे कीटकनाशकांवर मोठे अनुदान होते आणि तुडतुड्याने लाखो टन भात खाल्ला. १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांनी भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर एका आदेशाने बंदी घातली, पुढच्या तीन वर्षांत अनुदान काढून घेतले आणि शेतकऱ्यांना बांधीत नेऊन कोणता किडा आपला आणि कोणता परका ते शिकवायला शाळा भरवल्या. फवारणी घटली, भाताचे उत्पादन घटले नाही. ‘औषध नाही तर पीक नाही’ या म्हणण्याला यापेक्षा स्पष्ट उत्तर कोणते असणार? आणि फवारणीची किंमत कळायला इंडोनेशियापर्यंत जायचीही गरज नाही. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. तणनाशकाचे तर कोणी नावही घेत नाही. निंदणाची मजुरी वाचते म्हणून ते धुऱ्यांवरही मारले जाते, आणि धुऱ्यावरचा पातूर, केना, तरोटा, कुर्डू, आणि बहुतेक वेळा तूरही, त्याबरोबर जाते. पावसाळ्यात मजुराच्या घरातली भाजी बांधावरून यायची, ती आता बाजारातून येते.

या सगळ्याचा हिशेब एका पक्ष्याने आपल्या अंगावर लिहून घेतला आहे. सारस हा उडणाऱ्या पक्ष्यांत जगातला सर्वात उंच पक्षी. महाराष्ट्रात तो आता जवळजवळ गोंदियापुरता उरला आहे, वैनगंगा आणि बाघ नद्यांच्या काठच्या तलावांत आणि बांध्यांत. ‘सेवा’ ही गोंदियाची संस्था आणि वनविभाग दर उन्हाळ्यात त्याची गणती करतात. आकडा काही वर्षांपूर्वी तीस-चाळीसच्या घरात होता. सारसाला जंगल नको, धानाची बांधी हवी. पाण्यातल्या धानातच गवत आणि काड्या रचून तो घरटे करतो, बहुधा दोन अंडी घालतो, आणि गोगलगायी, बेडूक, किडे, कंद, सांडलेला दाणा खाऊन राहतो. म्हणजे शेती होते म्हणूनच तो इथे आहे. विष फवारलेल्या बांधीतले खाणे आणि मोटारींसाठी शेतांवरून ओढलेल्या विजेच्या तारा, ही त्याच्या मरणाची दोन मोठी कारणे. दोन्ही नव्या शेतीची. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून याची दखल घेतली, त्यानंतर प्रशासन हलले. तरीही सारस आजवर टिकला तो घरटे असलेली बांधी राखणाऱ्या शेतकऱ्यांमुळे, आणि त्या राखणीपायी जो धान तुडवला जातो तो त्यांच्या पदरचा असतो. त्यांना भरपाई देणे हा उपकार नव्हे, देणे आहे.

आता उन्हाळी धान. खरिपाचा धान निघाला की जानेवारीत पुन्हा पऱ्हे टाकायचे, फेब्रुवारीत रोवणी आणि मे महिन्यात कापणी. पावसाचा एक थेंब नसताना घेतलेले हे पीक पूर्णपणे धरणाच्या, तलावाच्या किंवा बोअरच्या पाण्यावर उभे राहते. एक किलो धानामागे सरासरी अडीच हजार लिटर पाणी, असा जगभरचा ढोबळ अंदाज आहे. खरिपात त्यातले बरेचसे आभाळातून येते, उन्हाळ्यात सगळे उपसून आणावे लागते. उसावर टीका करणाऱ्यांनी मे महिन्यात एकदा अर्जुनी मोरगावच्या बाजूने जाऊन यावे. शिवाय उभ्या पाण्याखाली चिखलातला प्राणवायू संपतो, तिथले सूक्ष्मजीव कुजणाऱ्या तणसापासून मिथेन तयार करतात, आणि तो धानाच्या देठातल्या पोकळ नळ्यांमधूनच हवेत जातो. माणसाच्या उद्योगांतून सुटणाऱ्या मिथेनपैकी सुमारे आठ टक्के भातशेतीतून येतो. बांधीत पाणी तर शेकडो वर्षे उभे राहत आले आहे, हे खरे. पण ते वर्षातून एकदा उभे राहायचे. ते दुसऱ्यांदा उभे राहते त्याला कारण आहे. उन्हाळी धानही पणन महासंघाच्या आणि आदिवासी विकास महामंडळाच्या केंद्रांवर आधारभूत भावाने विकला जातो, आणि २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना वीज मोफत आहे. सौर पंपाने कोळसा वाचतो, त्याचे स्वागतच आहे. पण सूर्य बिल पाठवत नाही, म्हणून तो पंप बंद करण्याचेही काही कारण उरत नाही.

इथे समोरून दोन प्रश्न येतील आणि दोन्ही रास्त आहेत. पहिला: जगाची हवा बिघडवली मोटारी आणि कारखान्यांनी, त्याचा भार दोन एकरवाल्या शेतकऱ्याने का वाहावा? वाहू नयेच. पण खाली जाणारे भूजल आणि गाळाने भरलेला तलाव जगाचे नाहीत, त्याच्याच गावाचे आहेत. मिथेन बाजूला ठेवला तरी उन्हाळी धानाविरुद्धचा मुद्दा पाण्यावर एकट्याने उभा राहतो. पंजाबने पाणी खोल जाईपर्यंत वाट पाहिली आणि २००९ मध्ये रोवणी कधी करायची याचाच कायदा करावा लागला. दुसरा प्रश्न मजुरीचा. भर पावसात दिवसभर वाकून रोवणी करणे, हातापायांना चिखल्या होणे, हे बायकांचे काम. त्याचे गोडवे गाणाऱ्याने एक दिवस करून पाहावे. यंत्र आले तर यावे. रोवणी यंत्र, पेरणी यंत्र, हलका हार्वेस्टर, तणसाच्या गाठी बांधणारे यंत्र, यांतल्या एकालाही पर्यावरणाच्या नावाने विरोध करण्याचे कारण नाही. कोणत्या यंत्रावर अनुदान द्यायचे हे सरकार ठरवते. लाखोळीला चेंगरणाऱ्या यंत्रापेक्षा तणस गोळा करणाऱ्या यंत्राला जास्त द्यावे, एवढीच निवड आहे.

दुरुस्तीचे मार्ग माहीत नाहीत असेही नाही. अर्जुनी मोरगाव तालुक्यात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने धीवरांच्या मच्छीमार संस्थांबरोबर तलावांवर जे काम केले ते पाहण्यासारखे आहे. बेशरम उपटली, तलावाच्या उथळ भागात जुन्या स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या, आणि रोहू-कटल्याच्या बोटुकलीपुरते न थांबता मूळच्या माशांना अंडी घालायला जागा केली. कोणती वनस्पती किती खोल पाण्यात तगते, हे धीवरांना ठाऊक होते. याउलट गाळ काढण्याची सरकारी कामे पाहा. जेसीबी तलावात उतरतो, बादलीला लागेल तिथे उभा खड्डा खणतो, काठाचा तो उतारच नाहीसा करतो जिथे देवधान उगवते आणि पाखरू चरते. घनमीटर मोजले जातात, बिल निघते. यंत्र तेच, त्याला कुठे आणि किती खणायचे हे सांगणारा कोण, यावर सगळे अवलंबून. खताचेही तसेच आहे. डॉ. ना. के. सावंत यांनी चारसूत्री भातलागवड मांडून आता कितीतरी वर्षे झाली: भाताचे अवशेष बांधीतच परत करायचे, गिरिपुष्पाचा पाला गाडायचा, नेमक्या अंतरावर मोजकी रोपे लावायची आणि युरिया-डीएपीच्या गोळ्या चार चुडांच्या मधोमध खोल खोचायच्या. खत चिखलात दबलेले असल्याने उडत नाही, वाहत नाही, कमी खतात तेवढेच पीक येते. उन्हाळी धानाला भोके पाडलेला पाइप बांधीत रोवून, पाणी वीतभर खाली गेल्यावरच पुन्हा भरायचे, अशी आलटून-पालटून ओलिताची पद्धत आहे; तिने पाणी पाव हिश्श्यापर्यंत आणि मिथेन निम्म्याच्या आसपास वाचतो. दोन्ही पद्धती जाहीर आहेत, स्वस्त आहेत, आणि दोन्ही म्हणाव्या तशा पसरल्या नाहीत. गोळी खोचायला मजूर लागतो आणि युरिया तर २६६ रुपयांना मिळतो. पाणी वाचवायला चक्कर मारावी लागते आणि वीज तर फुकट आहे. शेतकरी आळशी म्हणून नव्हे, बचतीची किंमत शून्य म्हणून.

ही किंमत शून्यावरून वर आणण्यासाठी नवा पैसाही फारसा लागणार नाही. साध्या धानाचा आधारभूत भाव २०२५-२६ साठी क्विंटलला २३६९ रुपये आहे. लाखोळीला असा भावच नाही, जवसालाही नाही. त्याच खरेदी केंद्रावर हिवाळ्याच्या शेवटी लाखोळीचे कमी विषारी वाण, हरभरा आणि जवस घ्यायची हमी दिली, तर उन्हाळी धानाची बरीचशी बांधी आपोआप रिकामी होईल, कोणावर बंदी न घालता. राहिला सरकार धानावर देते तो बोनस. तो पूर्वी क्विंटलमागे मिळायचा. २०२२ पासून तो हेक्टरी झाला, आधी १५ हजार, पुढच्या हंगामात २० हजार, दोन हेक्टरच्या मर्यादेत. कारण दिले गेले व्यापाऱ्यांचा बाहेरचा धान केंद्रावर येतो याचे, पण त्या बदलात एक मोठी सोय दडलेली आहे. पैसा आता पिकलेल्या पोत्यावर नाही, जमिनीवर दिला जातो. म्हणजे सरकारने तत्त्वतः मान्य केले आहे की शेतकऱ्याला धानापलीकडच्या कारणासाठीही पैसे देता येतात. मग वीस हजारांतले पाच हजार तणस न जाळणाऱ्याला, उन्हाळ्यात धानाऐवजी कडधान्य घेणाऱ्याला, सारसाचे घरटे राखणाऱ्याला का देऊ नयेत? पडताळणी अवघड आहे, तलाठी-कृषी सहायकांवर आधीच कामाचा बोजा आहे, हे मान्य. पण जळालेली बांधी आणि मे महिन्यात हिरवी दिसणारी बांधी, दोन्ही उपग्रहाच्या चित्रात गट नंबरासकट दिसतात, आणि धान विक्रीसाठी सातबारा व ई-पीक पाहणीची नोंद शेतकऱ्याकडून आजही मागितली जाते. डिसेंबरात नागपूरला अधिवेशन भरले की बोनस किती हा प्रश्न दरवर्षी विचारला जातो. कशासाठी, हे पूर्व विदर्भाच्या आमदारांनी अजून विचारलेले नाही.